नावाशिवाय वास घेण्यास मनाई आहे

अमरावतीच्या प्राचीन गुलाब आस्वाद मंडळाने ठराव केला, की फ्रेंच नाव शुद्ध उच्चारल्याशिवाय जुन्या गुलाबाचा वास घेणे हा अनधिकृत आस्वाद समजण्यात येईल. ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला एकही फूल हजर नव्हते.

त्या दिवसापासून जमुनाबाईंचं घर फिरलं. त्यांचे यजमान उत्तमराव बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन मंडळात रुजू झाले होते. अकोल्याच्या गुलाबमहोत्सवातून त्यांनी एक रोप आणलं. नाव, सूव्हनीर द ला माल्मेझाँ. वैशाखात खोलीतला कूलर अंगणात रोपासमोर लागला आणि नवराबायको घामोळ्या खाजवत पुठ्ठ्यानं वारा घेत बसली. माकडांच्या भयानं रोपाभोवती बारीक लोखंडी जाळी आली, जाळीला कुलूप आलं, बाहेरून नावाची पाटी आली आणि किल्ली उत्तमरावांच्या करगोट्याला गेली. पुढे सण आले की मंडळ आलंच. दसऱ्याला सोनं देताना नाव. दिवाळीला नाव म्हटल्याशिवाय चिवडा नाही. एक सभासद 'द ला'वर अडकले, ते उपाशीच घरी गेले.

संक्रांतीच्या सुमारास रोपाला कळी धरली. एकच. त्याच आठवड्यात त्यांची लेक वर्षाली डोहाळजेवणासाठी माहेरी यायची होती. पहाटे अंगण झाडता झाडता जमुनाबाईंच्या ओठी ओवी आली:

लेक येई माहेराला, तिला न्हाऊ मी घालीन
दारीचं गं पयलं फूल तिच्या वेणीत माळीन

"आवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कळी उमलाले आली. पोरीच्या वेणीत माळीन म्हनते. एकच तं फूल मांगून राहिली."

एरवी घरात वऱ्हाडीत बोलणारा हा माणूस फुलाचा विषय निघाला की थेट कार्यालयात जाऊन बसे. "मागणी रास्त आहे. परंतु अर्जदाराने प्रथम नाव उच्चारावे."

"सुवनेर... दला... मालमेजा."

"नामंजूर."

जमुनाबाईंनी कणीक मळताना नाव घोकलं. ओवीत बसवून पाहिलं, तर उंच पाहुण्यासारखे त्याचे पाय खाटेबाहेरच राहिले. शेवटी फेरपरीक्षा घ्यायला मंडळाचे अकोल्यात राहणारे चिटणीस महादेवराव आले.

"नाकातून, वहिनी. शेवटचा झाँ नाकातून."

"नाकानं आमी वास घेतो, भाऊजी."

"तो नंतर. आधी उच्चार."

उत्तमराव मदतीला धावले आणि स्वतः नाव म्हणून दाखवलं. महादेवरावांनी डोळे मिटून ऐकलं. मग खेदपूर्वक जाहीर केलं, की खुद्द मालकाचाच झाँ घशातून येतो आहे. म्हणजे घरात आजवर झालेला सर्व आस्वाद अनधिकृत. पुढील महोत्सवापर्यंत किल्ली मंडळाच्या ताब्यात राहील. करगोट्यावरून सुटलेली किल्ली संध्याकाळच्या बसने अकोल्याला गेली.

"आता गेलं फूल," जमुनाबाई म्हणाल्या.

"नियमापुढे मीही कोणी नाही," उत्तमराव म्हणाले. आवाजात अभिमान होता.

डोहाळजेवणाच्या सकाळी जाळीआड फूल पूर्ण उमललं. वर्षाली हिरवी साडी नेसून पाटावर बसली. आईचे भरलेले डोळे पाहून म्हणाली, "काहून रडून राहिली वं? झेंडू माळ ना. मले काय त्याचं."

"या घरात आता झेंडू शोभत नाही," उत्तमराव म्हणाले. फूल आत होतं, पण नावाची पाटी जाळीच्या बाहेर होती आणि पाटीबद्दल ठरावात काही नव्हतं. त्यांनी पाटीचे स्क्रू काढले, तिला रेशमी गोंडा लावला आणि ती लेकीच्या गळ्यात घातली.

बायका ओटी भरायला आल्या. एकेक वाकली, पाटीला नाक लावलं, डोळे मिटले.

"काय दरवळ आहे."

"भारी वास लगेच समजते."

त्या तिकडे वास घेत होत्या तेव्हा इकडे पाकळ्या गळत होत्या. जमुनाबाई एकट्याच अंगणात आल्या. जाळीतून दोन बोटं घातली. ती पेराच्या पुढे गेली नाहीत. ओवी त्यांनी पुन्हा म्हटली नाही.

ते फूल कोणत्या रंगाचं होतं, हे ओटी भरायला आलेल्या एकीनंही विचारलं नाही. वाचकहो, तुम्हीही विचारलं नाहीत. नाव मात्र मनातल्या मनात म्हणून पाहिलंत, आणि शेवटचं अक्षर नाकातून.