महाराजांच्या मोटाररथास चार प्लग बसविले, त्याची हकीकत

अडलेली चाके चालविणाऱ्या सकळ देवतांस दंडवत. शके एकोणीसशे अमुक, संवत्सराचे नाव उंदराने खाल्ले, मास आश्विन, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते ऐसे.

महाराजांचा मोटाररथ आजोबासाहेबांचे कारकीर्दीतला, आणि रथवान सटवाजी तुपे, उमर साठ, रथास 'म्हातारे' म्हणून हाक मारी आणि जिवापाड जपे. दसरा आठ दिवसांवर आला आणि रथ खोकू लागला, चढावर धापा टाकू लागला, मग सटवाजीने बॉनेट उघडून चारही स्पार्क प्लग काढून पाहिले, तो टोके झिजून गेलेली, ठिणगी पडावी कैसी? हे वर्तमान हुजुरांस कळले, मर्जी खफा जाहली आणि आज्ञा जाहली की, "सीमोल्लंघन याच रथातून करू. वाटेत अडला तर रथ भंगारात आणि सटवाजी, तुम्ही घरी." घरी बसण्याचे सटवाजीस दुःख नव्हते, परंतु म्हातारीवर हातोडा पडेल या विचाराने त्यास अन्न गोड लागेना. मग तो हात जोडून बोलिला, "हुजूर, रथाच्या पुस्तकात प्लगाचा नंबर दिला आहे. साधा तांब्याचा. नाक्यावरच्या दुकानात मिळतो." तेव्हा दिवाणजी हसले आणि म्हणाले, "तो तर रिक्षावाले लावतात. महाराजांच्या रथात आणि रिक्षात एकच प्लग?" पुस्तक मिटले ते मिटलेच.

मग तीन दिवस मसलत जाहली. दिवाणजींनी परदेशी, इरिडियम नामे महाग धातूचा प्लग काढिला, सेनापतींनी शर्यतीच्या मोटारीचा आणिला, राजज्योतिष्यांनी गुरूचे बळ म्हणोन पिवळ्या अंगाचा शोधिला, आणि राणीसाहेबांचे बंधू यांनी आपल्या दुकानात पडून राहिलेला मोटारसायकलीचा पुढे केला. चौघेही मानकरी, कोणास नाही म्हणावे? या राज्याची रीत ऐसी की काम राहिले तरी चालेल, मान राहिला पाहिजे. सबब निर्णय जाहला की रथास प्लग चार आणि मानकरीही चार, तरी प्रत्येकाचा एकेक बसवावा. सटवाजीने मुकाट्याने बसविले आणि घरी जाताना नाक्यावरून वाकडी वाट केली.

दसऱ्यास नगारा वाजला आणि रथ निघाला, एक प्लग पेटे तो दुसरा रुसे, तिसरा काजळे, आणि सीमेचा दगड वीस पावलांवर राहिला असता फाडकन आवाज होऊन रथ बसला. चौघे मानकरी एकमुखाने बोलिले, "प्लग उत्तम आहेत, रथच थकला." आयुष्यात त्यांचे एकमत जाहले ते इतकेच. महाराज म्हणाले, "भंगारवाल्यास बोलवा." सटवाजी पुढे होऊन म्हणाला, "पान खाण्याइतका अवकाश द्यावा, आणि बॉनेट उघडे असता मानकऱ्यांनी पाठ फिरवावी, नजर लागते." नजरेचे नाव काढिताच ज्योतिषीबुवा आधी वळले आणि मागून बाकीचे. मग सटवाजीने पागोट्याच्या पदरातून वर्तमानपत्रात बांधलेले चार तांब्याचे प्लग काढिले, भराभर बसविले, मानकऱ्यांचे तापलेले चार फडक्यात गुंडाळून अंगरख्याच्या खिशात टाकिले आणि हलकेच बोलिला, "म्हातारे, आता लाज राख." पहिल्या फिरकीस रथ गुरगुरला आणि सीमा ओलांडून थेट शमीखाली उभा राहिला.

तेथे नवा तंटा उठला. चौघे म्हणू लागले, माझ्याच प्लगाने ओढिला. महाराजांनी विचारिले, "सटवाजी, कोणाचा?" खरे सांगावे तर चार शत्रू, आणि उद्या रथ भंगारात घालण्यास त्यांस निमित्त सापडणार. सटवाजी खाली पाहून म्हणाला, "चौघांचाही, हुजूर." चौघांस शालजोडी मिळाली. महाराज उतरले, सटवाजीच्या हाती आपट्याचे पान ठेविले, आणि त्याच्या खिशाकडे पाहून म्हणाले, "खिशातून धूर येतो आहे, सांभाळा." आणि पुढे गेले. सटवाजीने ते पान आपणास न ठेविता बॉनेटावर ठेविले, आणि त्याचे डोळे भरून आले.

तात्पर्य, रथ भंगारात गेला नाही. दर दसऱ्यास चौघांचे चार प्लग वाजतगाजत येतात, सटवाजी ते कपाळी लावून घेतो आणि नाक्यावर जाऊन येतो. जैसे पाहिले तैसे लिहिले, कागद संपला.