पाहुण्यांच्या सन्मानार्थ निवडणूक तहकूब

बृहन्-प्लेनो महाराष्ट्र परिषदेच्या घटनेतलं नववं कलम असं सांगतं, की ज्या वर्षी वार्षिक सभेला मान्यवर पाहुणे उपस्थित असतील, त्या वर्षी पाहुण्यांचा मान राखून अध्यक्षपदाची निवडणूक तहकूब करण्यात यावी आणि विद्यमान अध्यक्षांनीच पुढे काम पाहावं. चार लोकांत आपली भांडणं दिसू नयेत, एवढाच यामागचा सोज्वळ हेतू. हे कलम निवृत्त इंजिनिअर जगन्नाथराव उकिडवे यांनी स्वतः लिहिलं होतं आणि योगायोगाने तेव्हापासून अध्यक्षही तेच होते.

दुसरा योगायोग असा, की तेव्हापासून दर दिवाळीला कुणी ना कुणी मान्यवर टेक्सासातल्या या प्लेनोत उगवायचेच. एकदा निवृत्त न्यायमूर्ती आले, एकदा गझलगायक, एकदा नागपूरचे दातांचे डॉक्टर, ज्यांनी म्हणे एका मंत्र्याची अक्कलदाढ काढली होती. गेल्या वर्षी कुणीच मिळेना, तेव्हा जगन्नाथरावांचे व्याही शाल-श्रीफळ घेऊन गेले. तिथे मात्र प्रसाद डोंगरेचा संयम सुटला. प्रसाद म्हणजे चाळिशीतला सॉफ्टवेअरवाला आणि परिषदेतला एकमेव विरोधी पक्ष. त्याने दुरुस्ती आणली: यापुढे मान्यवर म्हणजे लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधीच. सभासदांना जेवायची घाई होती, त्यामुळे दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

यंदा आली का पंचाईत? प्लेनोचे नगरसेवक दुसऱ्या मंडळाने आधीच पळवले होते. सांगलीच्या आमदारांना व्हिसा मिळाला नाही. सभा आठवड्यावर आली. जगन्नाथरावांना हरण्याचं तेवढं भय नव्हतं. भय होतं ते विचारण्याचं. ‘मी तुम्हाला हवा आहे का?’ हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. गिरिजाकाकूंनाही नाही, ते लग्न पत्रिका पाहून झालं होतं.

आणि अशा वेळी त्यांना कुंपणापलीकडचे गोंदलसाहेब आठवले.

इनायत गोंदल हे शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. दर हिवाळ्यात पाकिस्तानातून लेकीकडे येत. सकाळी घरांमागच्या गल्लीत हिंडून कचऱ्याचे डबे आणि पावसाच्या पाण्याच्या जाळ्या न्याहाळत. "उकिडवे साहब, यहाँ की नाली देखी आपने? मैं तो रो पड़ा," असं ते एकदा म्हणाले होते. गृहस्थ एका मोठ्या शहराचे महापौर होते. त्यांनी गटारं बांधली, आणि अर्धी बांधून होतात तोच सरकारने महापालिकाच बरखास्त केली. मग थोडा तुरुंगवास झाला. पुढे पक्ष बदलला, खासदारकीला दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा निवडून आले. आजमितीला ते तिथल्या संसदेचे सदस्य होते.

"लोकप्रतिनिधी, तोही राष्ट्रीय!" जगन्नाथराव स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

"अडला हरी..." गिरिजाकाकूंनी सुरुवात केली.

"पुढचं म्हणू नकोस. शेजारी आहेत ते आपले."

कार्यकारिणीच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे भडका उडाला. प्रसाद म्हणाला, "काका, सीरियसली? तिकडचं इलेक्शन म्हणजे काय असतं, यावर तुम्हीच रोज ग्रुपवर जोक फॉरवर्ड करता यार!"

जगन्नाथरावांनी चष्मा पुसला. तीस वर्षं ज्या देशाची त्यांनी यथेच्छ टिंगल केली होती, त्याच्या लोकशाहीची बाजू त्यांनी पाऊण तास इतक्या तळमळीने मांडली, की ऐकणाऱ्याला ते तिथल्या निवडणूक आयोगाचे प्रवक्ते वाटावेत. "मतदार रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावतो. आणखी काय हवं? आणि तो माणूस दोनदा हरलाय, प्रसाद! खोट्या निवडणुकीत कुणी दोनदा हरतं का?" शेवटी पाहुण्यांना बोलवावं, मात्र परिचयातून देश वगळावा, असं ठरलं. सूत्रसंचालन करणाऱ्या चारुताने मग वाक्य बसवलं: ‘आपल्याच उपखंडातील एका मोठ्या शहराचे माजी महापौर व विद्यमान खासदार.’ हे वाक्य सर्वांना फार समतोल वाटलं.

सभेच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात चिक्कार गर्दी होती. शाल-श्रीफळ झालं. चारुताने माइकवरून जाहीर केलं, "कलम नऊनुसार, पाहुण्यांच्या सन्मानार्थ यंदाची निवडणूक तहकूब करण्यात येत आहे." जगन्नाथरावांनी पाहुण्यांच्या कानात हिंदीत भाषांतर केलं, आणि तीच त्यांची चूक झाली.

"मेरी वजह से?" गोंदलसाहेबांनी विचारलं.

"आपके सम्मान में."

"और आप कितनी बार जीते हैं?"

"मी? मैं कभी हारा ही नहीं."

"लड़े कितनी बार?"

जगन्नाथराव हारातल्या शेवंतीची एक पाकळी चुरगाळत बसले. गोंदलसाहेब उठून माइकपाशी गेले.

"मेरे मुल्क में इलेक्शन बहुत बार मुल्तवी हुए. कभी जंग, कभी सैलाब, कभी जनरल साहब का मूड. मगर मेहमान के नाम पर? यह इल्ज़ाम मैं लेकर नहीं जाऊँगा." त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि पायऱ्या उतरून चालू लागले. "लीजिए, मेहमान चला गया. अब करवाइए."

प्रसाद उठून ओरडला, "पॉइंट ऑफ ऑर्डर! पाहुणे उपस्थित नाहीत. इलेक्शन घ्यावंच लागेल!"

चारुताने उमेदवार विचारले. सगळ्यांनी प्रसादकडे पाहिलं.

"मी? नाही हो," प्रसाद दचकला. "माझं रिलीज आहे. वर दर शनिवारी आमच्या ओजसचं सॉकर असतं. मी प्रिन्सिपलसाठी भांडत होतो."

"मग काका बिनविरोध?"

"अजिबात नाही. हात वर करून मतं घ्या. लोकशाही म्हणजे लोकशाही."

जगन्नाथराव उभे राहिले. वर्षानुवर्षं आभाराचं भाषण तोंडपाठ होतं, मागण्याचं एकही नव्हतं. "मला... मला पुन्हा अध्यक्ष व्हायला आवडेल," ते म्हणाले. "म्हणजे, तुम्हाला मी हवा असेन तर."

पण आपल्यात पाहुणे उठले की कार्यक्रम संपतो, ही जुनी रीत. गोंदलसाहेब पायऱ्या उतरले तेव्हाच गिरिजाकाकूंच्या मंडळींनी मसालेभाताची झाकणं उघडली होती, आणि सभा उठून रांगेत उभी राहिली होती.

"काकांच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," चारुता म्हणाली.

प्रत्येकाच्या एका हातात प्लेट होती, दुसऱ्यात मठ्ठ्याचा ग्लास. काकूंच्या दोन्ही हातांत जिलबीची परात होती. लोकांनी माना वळवून पाहिलं, अगदी आपुलकीने पाहिलं, आणि रांग पुढे सरकली. जगन्नाथराव माइक घट्ट धरून उभे होते. तेवढ्यात पार मागच्या दाराशी एक हात वर झाला.

तो गोंदलसाहेबांचा होता.

"काका, ही इज नॉट अ मेंबर," प्रसाद जिलबी चावत म्हणाला. मत अवैध ठरलं. वैध मत एकही नव्हतं, आणि निकाल न लागल्यास विद्यमान अध्यक्षांनीच पुढे काम पाहावं, असं दहावं कलम सांगतं. तेही जगन्नाथरावांनीच लिहिलं होतं. खुर्ची राहिली. तिच्यावर बसताना त्यांना चक्क रडू आलं.

गोंदलसाहेब शेजारी येऊन बसले. नारळ बाजूला ठेवून त्यांनी जगन्नाथरावांच्या पाठीवर हात ठेवला. "मैं दो बार हारा हूँ, उकिडवे साहब," ते हळूच म्हणाले. "वो इससे अच्छा था."

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: ‘पुन्हा तेच अध्यक्ष? यालाच लोकशाही म्हणायचं का?’ बघता बघता त्याखाली अंगठ्यांची रीघ लागली. दुपारी एकाचाही हात मोकळा नव्हता, आता सगळ्यांचे अंगठे मोकळे होते. जगन्नाथरावांनी सोफ्यावर बसून एकेक नाव शांतपणे वाचलं.

तुमचंही होतं त्यात. मठ्ठा बरा झाला होता ना?