खुर्ची बदलणारे डॉक्टर

टिपणीस डॉक्टर रोज स्वतःलाच झापायचे, तेही मोठ्यानं. पेशंट गेला की उठून पेशंटच्या खुर्चीत बसायचे आणि आपल्या रिकाम्या खुर्चीवर तुटून पडायचे. "काय हो डॉक्टर, माणूस रडायला आला होता. तुम्ही खिडकीबाहेर काय बघत होता?"

मनाचे डॉक्टर. कर्जतातली माझी बाहेरची खोली त्यांना भाड्यानं दिली होती. पेशंटचा आवाज कधी आला नाय, ह्यांचा मात्र पार रस्त्यापर्यंत जायचा. आमची ही म्हणायची, "अवो, ह्यांनाच आधी कुनाला तरी दाखवा."

दोन पोरी त्यांच्याकडं शिकायला होत्या. एक पुढं खोपोलीला बसणार, दुसरी कशेळ्याला. डॉक्टर त्यांना म्हणायचे, "तिथं तुमची चूक काढायला कोण येणार? एस्टीचा कंडक्टर? आपली आपणच काढायची. खुर्ची बदला!"

एकीनं खुर्ची बदलली आणि स्वतःला म्हणाली, "छान केलंस."

"खुर्ची खोटं बोलतेय. परत बसा."

मग आमची ही गेली. रीतीप्रमाणं जन्मभर तिला 'अगं' म्हटलं. चारचौघांत नाव कधी घेतलं नाय. आता घ्यावंसं वाटायचं, पण तोंडातनं निघत नव्हतं.

डॉक्टर भेटायला आले. ओसरीवर समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "डॉक्टर, तिचं नाव..." तेवढ्यात ह्यांनी सुरू केलं. काळ हेच औषध, मन गुंतवा, भजनाला जा. मी म्हटलं, "चहा घ्या आणि निघा."

सकाळी परत हजर. थेट माझ्या खुर्चीत बसले. समोर त्यांची कालची रिकामी खुर्ची.

"काय हो डॉक्टर, माणूस बायकोचं नाव घेत होता. तुम्ही मधे का बोललात?" आवाज उतरला. "तुम्हालाच ऐकवेना म्हणून. तुमच्या घरी तरी कोण उरलंय?"

एवढा बडबड्या माणूस, पण पुढचं येईना. मी दारात उभा होतो. जाऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.

"तुमच्या मंडळींचं नाव काय होतं, डॉक्टर?"

"सुमन," ते म्हणाले आणि तिचं सांगत बसले. मी मधे बोललो नाय.

सांगून झालं तसे ते उठले, मला म्हणाले, "आता खुर्ची बदला."

मी बदलली.

"भागीरथी," मी म्हटलं.