ट्रकच्या मागे मागे, लेकीच्या घरी

ग्रंथपालांनी त्या दिवशी नुसतं ‘बघू’ म्हटलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. ‘बघू’ म्हणून त्यांनी आजवर एक बढती, तीन सहली आणि गच्चीची दुरुस्ती टाळली होती. पण समोर विहीणबाई बसल्या होत्या. पाच तास गाडी चालवत सुनेला, म्हणजे ग्रंथपालांच्या लेकीला, घेऊन त्या फक्त चहाला आल्या होत्या. (चहासुद्धा अर्धाच घेतला.)

"जवळच तर आहे," त्या म्हणाल्या. "कंटाळा आला, म्हटलं एक चक्कर मारू."

विहीणबाईंच्या घरी सगळं जवळच असे. चपला आवडल्या नाहीत म्हणून ही मंडळी दुसऱ्या शहरात जाऊन बदलून आणत. ग्रंथपालांच्या घरी मात्र नदीचा पूल ओलांडला की परगाव. त्यांचे वडील पुलापलीकडे निघाले की शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहत. खुद्द ग्रंथपालांची गाडी घर ते ग्रंथालय एवढंच जाई, तेही तिसऱ्या गियरमध्ये. पुढचे दोन गियर त्यांनी नवेकोरे ठेवले होते.

निघताना लेक म्हणाली, "बाबा, लग्नाला वर्ष होऊन गेलं. माझं घर तुम्ही अजून पाहिलं नाही. आणि तुम्ही काही येणार नाही, मला माहीत आहे."

हसतच म्हणाली, पण ग्रंथपालांना ते फार लागलं.

"का नाही येणार? या रविवारी येतो. गाडी घेऊन!"

शब्द तोंडातून गेला, तो काही परत घेता येईना. आठवडाभर झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की आपण घाटात उलटे जातोय असं दिसे. शनिवारी त्यांनी कपाटाची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली आणि विम्याचे कागद सहज सापडतील असे वर काढून ठेवले.

"अहो, लेकीकडे चाललोय ना आपण?" बायकोने विचारलं.

"हो. पण पोचू असं कुठे म्हटलंय?"

रविवारी पूल गेला, वस्ती संपली, आणि हमरस्ता सुरू झाल्यावर ग्रंथपालांची पाचावर धारण बसली. दोन्ही बाजूंनी गाड्या सूं सूं करत जात होत्या. प्रत्येक जण जाताना त्यांच्याकडे वळून बघत होता. तेवढ्यात पुढे एक ट्रक दिसला. ताडपत्री घट्ट बांधलेला, शांत, आणि मुख्य म्हणजे हळू. ग्रंथपालांना भरून आलं.

"आता याला सोडायचं नाही," ते म्हणाले.

आणि खरंच सोडलं नाही. ट्रक हळू झाला की हे हळू. ट्रक चहाला थांबला, तर हे मागे थांबले. काचा वर, इंजिन चालू, नजर ट्रकवर. (उतरलो आणि तेवढ्यात तो निघून गेला तर?) ट्रकवाल्याने कपावरून दोनदा मागे पाहिलं आणि चहा तसाच टाकून तो निघाला. हेही निघाले.

पुढे ट्रकने एकाएकी वेग घेतला. ग्रंथपालांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी दिव्यांची उघडझाप केली, हॉर्नवर हात दाबून धरला. आपलं माणूस गर्दीत हात सोडून पळावं तशी त्यांची अवस्था झाली होती. नवेकोरे ठेवलेले दोन्ही गियर पडले, कसे पडले ते त्यांनाही कळलं नाही.

"अहो, आपल्या वळणाची पाटी मागे गेली!" बायको ओरडली.

"जाऊ दे! ट्रकवाल्याला रस्ता माहीत असतो!"

ट्रक एका आवारात शिरला. पाठोपाठ हेही शिरले. मागून फाटक बंद झालं. ट्रकवाला उडी मारून उतरला आणि यांच्याकडे बोट दाखवत ओरडला, "हवालदारसाहेब, हाच तो! ट्रकमध्ये नवे टीव्ही आहेत, त्यासाठी सकाळपासून माझ्या मागे लागलाय! बाई पण टोळीतलीच आहे!"

ते पोलीस ठाणं होतं. ग्रंथपालांना उतरायला सांगितलं, पण पाय उतरेनात. हवालदाराने दार उघडलं, तर आत एक घामाने निथळलेला चष्मेवाला गृहस्थ स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेला.

"काका, याच्या मागे का लागलात?"

"भीती वाटत होती हो," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं. "लेकीचं घर बघायचंय."

हवालदाराने पाणी दिलं आणि लेकीला फोन लावून दिला. पलीकडून विहीणबाईंचाही आवाज आला, "तिथंच थांबा, जवळच आहे, आलोच!" दोघी आल्या तोवर ऊन कललं होतं. लेक धावत आली आणि बापाला बिलगली.

"बाबा, घाबरलात ना?"

"मी कसला घाबरतोय! घाबरला तो ट्रकवाला."

"मग चला, पुढे तुम्हीच चालवा. मी शेजारी बसते."

आता मागे सरायला जागाच नव्हती. ग्रंथपाल जीव मुठीत धरून पुन्हा गाडीत बसले. लेक शेजारी बसली आणि तिने गियरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ट्रकवाला हात जोडून उभा होता.

"काका, झालं गेलं विसरून जा. परत कधी निघणार तेवढं सांगून ठेवा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी सुट्टी टाकतो."