उलटतपासणीत नापास रहांगडाले काका

कॉलेजच्या कॉम्प्युटरला चहा विचारणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे रहांगडाले काका.

त्याचं असं झालं, आमच्या लॉ कॉलेजात नवीन एआय आणलं. ते साक्षीदार बनतं, आपण वकील व्हायचं आणि इथल्या कोर्टासारखी हिंदीत त्याची उलटतपासणी घ्यायची. मार्कही तेच देतं. काका पहिल्याच दिवशी स्क्रीनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घबराओ मत भाई. चाय पिये क्या?"

"यह प्रश्न अप्रासंगिक है," असं म्हणून कॉम्प्युटरनं दोन मार्क कापले.

"गेले त जाऊ दे," काका मला म्हणाले. "साक्षीदाराचं तोंड सुकते, बाई. तुले नाही समजत."

मी चाळिशीत वकिली शिकायला निघाले, तेव्हा वर्गात सगळ्यात म्हातारी आपणच असणार या धास्तीनं अर्धी झाले होते. पाहते तर पहिल्या बाकावर हे! चौसष्ट वर्षांचे, एका खासगी कारखान्यात क्रेन चालवून रिटायर झालेले, पायात अजून तेच जाडजूड सेफ्टी बूट. घर माझ्याच गल्लीत, स्मृति नगरात. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मागची वायर तपासणार, बंद केल्यावर पुन्हा तपासणार. तोवर लॅबवाले कुलूप घेऊन दारात ताटकळत असतात.

उलटतपासणीचा नियम सरांनी आमच्याकडून घोकून घेतला होता. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असं विचारा. 'का' कधीच विचारू नका, साक्षीदार काय बोलेल याचा नेम नाही. आणि काकांच्या तोंडी तर उठता-बसता त्यांचं 'का', म्हणजे 'कावून'! भाजीवाल्याला कावून, पोस्टमनला कावून, कॉम्प्युटरलाही कावून. त्यापायी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा झाले तर वर्षच बुडणार होतं.

मग मीच पदर खोचला. पंधरा दिवस त्यांच्या अंगणात मी साक्षीदार झाले. कावून म्हटलं की मी उठून घरी जायचे. शेवटी माणूस सुधारला, निदान मला तसं वाटलं.

परीक्षेत काका एका चौकीदाराचे वकील होते. ड्युटीवर झोपला म्हणून त्याला कामावरून काढलेलं. साक्षीदार त्याचा सुपरवायझर, म्हणजे कॉम्प्युटर. काकांनी आठ प्रश्न असे नेमके विचारले की मला मागच्या बाकावरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. केस हातात आली होती. फक्त 'समाप्त' म्हणायचं होतं. काकांनी घसा खाकरला आणि विचारलं, "पर वो सोया क्यों था?"

"रातभर ताश खेल रहा था," साक्षीदार म्हणाला. झालं! केस गेली, मार्क गेले, काका नापास.

बाहेर सायकल स्टँडवर मी बरसले. "काका, कमाल आहे तुमची! माझे पंधरा दिवस पाण्यात घातले!"

काका स्कूटरला टेकले. "माहा दोस्त आहे शालिक. आमच्याच कारखान्यात होता. ड्युटीवर झोपला म्हणून त्याची इन्क्वायरी बसली. साक्षीदार मी. साहेब मले म्हणे, झोपला होता, हो का नाही? मी म्हटलं, हो. त्याची बायको दवाखान्यात होती, तीन दिवस डोळ्याले डोळा लागला नव्हता त्याचा. मले ठाऊक होतं. पण कावून झोपला, ते कोणी विचारलंच नाही."

"मग तुम्ही आपणहून का नाही सांगितलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काका वाकून बुटाची नाडी आवळू लागले.

"माहं प्रमोशन होतं, बाई. भेव लागलं. नोकरी गेली त्याची."

मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

"सेक्टर सहाच्या बाजारात सायकली दुरुस्त करते तो," काका म्हणाले. "मी दिसलो का तोच पहिले हात वर करते. त्याले वाटते, मी सारं सांगितलं होतं, साहेबांनीच ऐकलं नाही."

"वर्ष तर बुडलंच, काका. त्याला तरी खरं सांगून टाका."

त्यांनी स्कूटर सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली.

"तू येतं काय संगं? एकट्यानं नाही होत माह्याच्यानं."

मी पर्स खांद्याला अडकवली आणि मागे बसले.