सन्मती रिकामाच आहे

सगळा दोष त्रिशलाआत्याचा. तिनं भरल्या थिएटरात पडद्यावरच्या अस्वलाच्या पिल्लाला आमच्या घरी चल म्हटलं, आणि ते आलं.

आत्याला पडद्याशी बोलायची खोड आहे. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला ती रोज 'बारीक झालीस गं' म्हणते. ती पप्पांची थोरली बहीण. माझी आई गेली तेव्हा थोडे दिवस म्हणून इचलकरंजीला आली आणि राहिलीच. तिच्यामुळे आमचं घर चालतं हे खरं, पण एखादी गोष्ट मनात ठेवायची असते हे तिला कधी पटलेलं नाही.

'घुम्मू' या कार्टून सिनेमाचा पहिला भाग लागला तेव्हा मी शाळेत होतो. पप्पांनी मला शेजारी बसवून, कोण कुणाचा कोण ते कानात सांगत दाखवला होता. दुसरा भाग येईपर्यंत मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं होतं आणि पप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. भांडण वगैरे काही झालं नाही. ते सूतगिरणीत हिशेब बघतात. एखादं खातं बंद करावं तसं त्यांनी मला बंद केलं. मला काही सांगायचं असलं की दुसऱ्या कुणाला सांगतात. "त्याला म्हणावं, पाण्याची मोटर बंद कर." मी समोरच उभा असतो. घरात दुसरं कोणी नसलं तर फ्रिजला सांगतात.

रविवारी दुपारच्या खेळाला गेलो. आम्ही जैन. मी सोडून घरातलं कोणी दिवस बुडाल्यावर जेवत नाही, त्यामुळे आमच्या घराण्यात सगळे सिनेमे दुपारीच बघितले जातात. एका टोकाला पप्पा, मग आत्या, मग जिनपालकाका आणि दुसऱ्या टोकाला मी. काकाच्या मांडीवर त्याची नात छवी. सिनेमा तिच्यासाठी होता. ती जाहिराती सुरू असतानाच झोपली. म्हातारी माणसं मात्र डोळे फाडून बघत होती.

"त्याला विचार, पॉपकॉर्न पाहिजे का," पप्पा आत्याला म्हणाले. आत्यानं काकाला विचारलं, काकानं मला. माझं 'द्या' त्याच वाटेनं परत गेलं. ते पोहोचेपर्यंत पप्पांनी पॉपकॉर्न संपवलं होतं.

या भागात घुम्मूची आई पुरात नदीपलीकडं वाहून जाते. घुम्मू एकटाच बर्फात बसतो, नाक पुसत. थिएटरात शांतता होती.

"अरे, असल्या थंडीत कुठं बसलाईस?" आत्या म्हणाली. "चल आमच्या घरी."

घुम्मूनं तिच्याकडं बघितलं. मग उठला, पडद्याच्या खालच्या काठावरून पाय खाली सोडले आणि उतरला. पायऱ्या चढून आमच्या रांगेशी आला. त्याच्या अंगावरचं बर्फ गालिच्यावर पडत होतं. पडद्यावर सिनेमा सुरूच होता, फक्त त्यात कोणी नव्हतं.

दिवे लागले. मॅनेजर शेडबाळे आले. सज्जन माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं.

"कुणी बोलावलं?" त्यांनी विचारलं.

आमच्या अख्ख्या रांगेनं आत्याकडं बोट दाखवलं. पप्पांनीसुद्धा.

"मग तुम्हाला न्यावं लागेल, बाई. आलेल्या पाहुण्याला परत पाठवायची पद्धत नाही."

"नेते की. मी काय नाही म्हणाले?" आत्यानं तोवर त्याच्या डोक्यावर पदर घातला होता. "सर्दी झालीय लेकराला."

"त्याला हरकत नाही. पण पडदा मोकळा ठेवता येत नाही. त्याच्या जागी तुमच्या घरातलं एक माणूस द्यावं लागेल. मागं एका घरानं सिनेमातला घोडा बोलावला होता. त्यांचे सासरे अजून पळताहेत. तब्येत सुधारली म्हणे."

मागून कोणीतरी "लवकर ठरवा हो" म्हणालं. आम्ही तिथंच रांगेत बैठक घेतली. आत्यानं सांगितलं की ती गेली तर घरात दही लागणार नाही. काका पतसंस्थेचा चेअरमन. निवडणूक तोंडावर आलेली असताना त्याला आत जाता येत नव्हतं. पप्पांचा मार्चअखेर होता. मग सगळे माझ्याकडं वळले.

"सन्मती रिकामाच आहे की," काका म्हणाला.

हे वाक्य मला नवीन नव्हतं. कॉलेज सोडल्यापासून माझं दुसरं नाव तेच आहे. गॅसचा सिलिंडर येणार, सन्मती रिकामाच आहे. प्लंबर येणार, सन्मती रिकामाच आहे. लांबच्या नातलगाच्या लग्नात आहेराच्या पाकिटांजवळ बसायला माणूस पाहिजे, सन्मती रिकामाच आहे. स्वतः काका दिवसभर पतसंस्थेत पंख्याखाली बसून चहा पितो, पण तो कामात असतो.

मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी एकदा नाही म्हणावं एवढंच मला पाहिजे होतं. पोराला काय सिनेमात घालता, असं काहीतरी. ते आत्याला म्हणाले, "त्याला विचार, जमेल का."

"जमेल," मी थेट त्यांना सांगितलं आणि पायऱ्या उतरून पडद्यात गेलो.

अस्वलाचा पोशाख वगैरे काही देत नाहीत. मी टीशर्ट आणि जीन्सवर बर्फात बसलो. प्रेक्षकांनी काही तक्रार केली नाही. एका पोरानं आईला विचारलं की घुम्मूला दाढी कशी आली. आई म्हणाली, दुसरा भाग आहे ना, मोठा झाला.

काम अवघड नव्हतं. रडायचं, रस्ता चुकायचं, मधाचं पोळं शोधायचं, नदी ओलांडायची. आतले लोक चांगले होते. एक पाणमांजर होतं, कामापुरतं बोलायचं. एक म्हातारं घुबड होतं. मी जंगलातली शाळा अर्ध्यात का सोडली, याबद्दल ते प्रत्येक खेळात मला उपदेश करायचं. आमच्या म्हाताऱ्यांपासून सुटलो म्हणावं तर इथंही म्हातारा होताच. तरी घुबड बरं. त्याचा उपदेश लिहिलेला होता आणि तो संपायचा.

शेवटी नदीपलीकडं आई उभी असायची. मी काठाकाठानं जायचो, पाण्यात उतरायचो, पलीकडं निघायचो. ती दोन्ही हात पसरायची आणि "आलास?" म्हणायची. तिच्या वाट्याला सबंध सिनेमात तेवढाच एक शब्द होता. एटीकेटीचं विचारायची नाही, पुढं काय करणार विचारायची नाही. तिच्या अंगाला वाळत घातलेल्या रजईचा वास होता. पहिल्या दिवशी मी ते काम म्हणून केलं. पुढं पुढं मी नदी जरा लवकर ओलांडायला लागलो. प्रोजेक्टरवाल्यानं तक्रार केली.

आत्या जवळजवळ रोज दुपारच्या खेळाला यायची, पहिल्या रांगेत बसायची. मधाचा प्रसंग आला तेव्हा ती उभी राहिली.

"सन्मती, मध खायचा नाही. आणि दिवस बुडाल्यावर तर नाहीच नाही."

आमच्यात मध वर्ज्य आहे, आणि सिनेमात तोवर सूर्य मावळलेला असतो. शेडबाळे आले. त्यांनी दोन्ही मुद्दे समजून घेतले. दुसऱ्या दिवसापासून प्रसंग दिवसाउजेडी झाला आणि पोळ्यात काकवी भरली. चव उसाची, पण पडद्यावर रंग तोच दिसतो. आत्यानं घरून बरणीच आणली होती. बाहेरचे पदार्थ थिएटरात चालत नाहीत, पण पडद्याच्या आत चालतात, असं शेडबाळ्यांनी सांगितलं.

घरची खबरही आत्याच द्यायची, मी रडत असताना.

"घुम्मूला ताक आवडतंय. तुझी खिडकीकडची गादी त्याला दिली, त्याला उकडतं. पप्पा त्याला स्कूटरवरून नेतात."

"कुठं?" मी रडणं थांबवून विचारलं.

"कॉलेजला. तुझी जागा मोकळीच होती."

मला राग आला. मग कळलं की मी सिनेमात घुम्मू म्हणून चाललो तर घुम्मू कॉलेजात सन्मती म्हणून चालणारच. दोन्हीकडं जागा भरायचीच होती. हजेरीला तो माझ्या नावावर 'हजर सर' म्हणायचा. गणिताच्या मास्तरांनी पप्पांना फोन करून सांगितलं की मुलगा सुधारला. पप्पा रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून गणितं घालतात, असं आत्या म्हणाली. थेट बोलतात का, मी विचारलं. "मग काय फ्रिजमार्फत?" ती म्हणाली.

मग सिनेमा उतरायची वेळ आली. शेडबाळे पडद्याजवळ येऊन म्हणाले, "गुरुवारी दुपारी आपला शेवटचा खेळ. शुक्रवारपासून सिनेमा गडहिंग्लजला. जो आत असेल तो सिनेमाबरोबर जातो."

"बाहेर यायचं असेल तर?"

"आलं तसंच. घरच्यांनी बोलवायचं. पण त्या रविवारी तुमच्या रांगेत जे तिकीट काढून बसले होते त्यांनीच, आणि प्रत्येकाला एकदाच. बाईंचं बोलावणं पिल्लावर खर्ची पडलं. छोटीचं तिकीट नव्हतं. म्हणजे तुमचे काका, नाहीतर वडील."

बुधवारी काका आला. तो निवडणूक हरला होता, तोंड उतरलेलं होतं. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत म्हणाला, "ये रे सन्मती, ये कधीतरी निवांत घरी."

मी पाय उचलून बघितला. बर्फातून निघेना.

"हे बोलावणं धरता येत नाही," शेडबाळे म्हणाले. "लग्नात भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो तसलं आहे. आणि काका, तुमचं संपलं आता."

"अहो, मी मनापासून बोललो."

"असेल. पाय उठला नाही."

राहिले पप्पा.

गुरुवारी सगळे आले. आत्या, काका, पप्पा आणि पाठीला दप्तर लावलेला घुम्मू. चष्मा लागला होता त्याला. खेळ सुरू झाला. मी रडलो, रस्ता चुकलो, घुबडाचं ऐकलं, काकवी खाल्ली. पप्पा काहीच बोलले नाहीत. मीही त्यांच्याकडं बघायचं नाही ठरवलं होतं. मी नदीपर्यंत आलो. पलीकडं तिनं हात पसरले. मी पाण्यात उतरलो. एकदा पलीकडं पोहोचलो की सिनेमा संपणार आणि मी गडहिंग्लजला जाणार. गेलो असतो तरी माझं वाईट झालं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी सावकाश चाललो. पाणी गुडघ्याला होतं.

पप्पा उठून मधल्या वाटेत आले. शेडबाळ्यांना म्हणाले, "त्याला म्हणावं..."

"निरोप चालत नाही, साहेब."

पप्पांनी आजूबाजूला बघितलं. फ्रिज नव्हता. आत्या मुद्दाम छताकडं बघत होती. पाणी माझ्या कमरेला आलं.

पप्पा खाकरले.

"सन्मती," ते म्हणाले. आवाज जरा गंजलेला होता. "ऊन उतरलं. चल, जेवायचं राहील."

मी पलीकडं बघितलं. ती हात पसरून तशीच उभी होती, वाट बघत. तिला दुसरं काही करता येत नव्हतं. मी पाय उचलला. तो निघाला. मी वळलो आणि पडद्याच्या काठावरून खाली उतरलो. पँट भिजलेली होती. पप्पांनी ती बघितली आणि म्हणाले, "चप्पल कुठाय तुझी?"

"आत राहिली."

"नवी होती."

तेवढ्यात शेडबाळे म्हणाले, "आता पडदा मोकळा झाला. गडहिंग्लजला मी काय पाठवू? पिल्लू परत जाईल का?"

"उद्या माझा पेपर आहे," घुम्मू म्हणाला.

"त्याचं वर्ष वाया जाईल," पप्पा म्हणाले. ते माझ्याकडं बघूनच म्हणाले.

 आत्यानं पदर सारखा केला.

"जिनपाल रिकामाच आहे की," ती म्हणाली.

 काकाची चेअरमनची खुर्ची गेलेली होती, मार्च संपला होता, दही त्याला लावता येत नव्हतं. त्यानं घड्याळ आणि मोबाईल माझ्याकडं दिला आणि पडद्यात चढला. जाता जाता पाण्यात चप्पल सापडते का बघतो म्हणाला.

आम्ही मागच्या आठवड्यात त्याला बघायला गडहिंग्लजला गेलो होतो. चांगला रमलाय. घुबडाचा उपदेश सुरू झाला की हा त्याला मध्येच थांबवून स्वतःचा सुरू करतो. पाणमांजराला भागधारक करून त्यानं जंगलात पतसंस्था काढलीय. छवी त्याला हात करते आणि मग झोपते. माझं बोलावणं अजून शिल्लक आहे, तुला बोलवू का, असं मी त्याला एकदा विचारलं. वार्षिक सभा होऊ दे म्हणाला.

घुम्मू माझ्या नावावर पास झाला. पप्पा आता माझ्याशी थेट बोलतात. केस काप, मोटर बंद कर, नवी चप्पल आण, पुढं काय ठरवलंयस. सकाळी दात घासायच्या आधी सुरू होतात. मी उलट बोलतो, ते उलट बोलतात, आत्या दोघांना जेवायला बसवते. आणि ऊन असतानाच बसवते, कारण घुम्मूला मग अभ्यास असतो.

या सगळ्यात माझी खिडकीकडची गादी गेली, आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी मला "आलास?" म्हणणारी एक आई गेली.