मुलाणीकाकांचे पॅसेंजर

मुलाणीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चार पायांवर उभे होते.

म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे. आम्ही हडपसरच्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो आणि मी तुळशीची कुंडी कडेवर घेऊन लिफ्टची वाट बघत होतो. समोर पार्किंगमध्ये एक जुनी व्हॅन. तिच्या मागच्या भागात, रबरी मॅटवर, साठी उलटलेले एक गृहस्थ ओणवे. अंगात कुत्र्याचा छातीपट्टा, आणि पट्ट्याची कडी गाडीच्या तळाला वेल्डिंग केलेल्या हुकात अडकवलेली. गाडी त्यांच्या पत्नी शमाभाभी चालवत होत्या. दर दहा पावलांवर त्या करकचून ब्रेक लावायच्या आणि मागे न बघता विचारायच्या, "आता?" मागून उत्तर यायचं, "खांद्याला ओढ बसतीये. परत घे."

लिफ्ट आली आणि गेली. मी तिथेच.

अशा वेळी आपण ओळखदेख नसताना काही बोलू नये, हे मला कळत होतं. तरी मी विचारलं, की काही मदत हवी आहे का. त्या गृहस्थांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं वजन किती? लॅब्रॅडॉरला जरा जास्तच होईल."

ही आमची ओळख.

मुलाणीकाका शहरातल्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरतात. काकांनी व्हॅन घेतली, मागचं सीट काढून टाकलं आणि कुत्र्यांची ने-आण सुरू केली. कुणाचा कुत्रा डॉक्टरकडे न्यायचा आहे, कुणाचा गावी सोडायचा आहे, काका हजर. पैशांचं विचारलं की ते टायर तपासायला लागायचे. स्वतःचा कुत्रा त्यांनी कधी पाळला नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ड्रायव्हरच्या घरी कधी पॅसेंजर राहतात का?"

कुत्र्याला ते पॅसेंजरच म्हणत. 'कुत्रा' हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त माणसांसाठी येई, तोही हायवेवर.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. त्याला दांडी धरता येत नाही. "दामलेसाहेब," ते मला सांगत, "एकतीस वर्षं मी ब्रेक लावला, आणि माणसं मला शिव्या देत का होईना, पण दांडीला धरून उभी राहिली. त्याला हात नाहीत. दांडी धरता येत नाही. मग त्याची दांडी कोण? आपण." या एका वाक्यातून पुढचे सगळे नियम निघत. निघण्याआधी तीन तास खायला द्यायचं नाही. पुढच्या सीटवर बसवायचं नाही. दर तासाला थांबायचं, आधी साखळी हातात घ्यायची आणि मगच दार उघडायचं. काच चार बोटं खाली, पाचवं नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढू द्यायचं नाही, कारण डोळ्यात खडा गेला तर चोळायला हात कुठायत? पुन्हा दांडीच.

गाडीत बसची खरी घंटा होती. मागे पॅसेंजरजवळ भाभी बसायच्या, दोरी हातात. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पॅसेंजर नुसता लाळ गाळायला लागला तरी भाभी एक टोला द्यायच्या आणि भर सोलापूर रस्त्यावर व्हॅन कडेला लागायची. मागचे लोक काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही.

हे स्वतःच्या गाडीपुरतं असतं तर ठीक होतं. पण काका दुसऱ्यांच्या गाड्यांतही डोकावत. एकदा मंडईत भाजीला गेले असताना त्यांना उन्हात लावलेल्या एका बंद गाडीत एक पॉमेरेनियन दिसला. मालकाचा पत्ता नाही. काका पाऊण तास त्या गाडीच्या काचेवर स्वतःची छत्री धरून उभे राहिले, आणि आल्यागेल्याला गाडीचा नंबर सांगून मालकाला हुडकायला पाठवत राहिले. शेवटी मालक आला आणि त्याने आधी काकांचीच चोर म्हणून गचांडी धरली. काका शांतपणे म्हणाले, "मला धरा, पण आधी दार उघडा." भाजी त्या दिवशी आलीच नाही. भाभींनी डाळ लावली.

आता माझ्याकडे वळतो. इथून पुढचं लिहिताना पेन जरा जड होतंय.

आमच्या सईनं खराडीला नोकरी लागल्यावर ऑफिसच्या गेटवरचं एक पिल्लू घरी आणलं. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. नाव बंड्या. वर्षभरात सईची बदली बेंगळुरूला झाली आणि बंड्या आमच्याकडे राहिला. जाताना तिनं मला बजावलं होतं, "बाबा, तो माझा आहे. तुमच्याकडे फक्त ठेवलाय." काकांनी त्याच्या मापाचा छातीपट्टा स्वतः शिवून आणून दिला, बसच्या सीटच्या जुन्या रेक्झिनचा, आतून मऊ फडकं लावलेला. मी आभार मानले. पट्टा स्कूटरच्या हँडलला अडकवला. तो तिथेच राहिला.

मला लोकांना हसवायची खोड आहे. घरगुती समारंभात माझ्या नकलांशिवाय पान हलत नाही, असं निदान मला वाटतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीत करमणुकीचा कार्यक्रम असतो. मी मुलाणीकाका केले. सतरंजीवर ओणवा झालो, मान वर करून "खांद्याला ओढ बसतीये" म्हटलं, खुर्च्यांच्या मधून रांगत जाऊन एकेकाच्या तोंडाशी डोकावलो आणि विचारलं, "साहेब, आपण पट्टा बांधलाय का? आपल्याला दांडी धरता येते का?" लोक लोटपोट झाले. सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. काका दुसऱ्या रांगेत बसले होते. तेही हसले आणि शेवटी सगळ्यांच्या नंतरही थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिले. मी म्हटलं, खिलाडू माणूस.

त्यानंतर ते दुसऱ्यांच्या गाड्यांत डोकावेनासे झाले. मला वाटलं, उन्हाळा वाढतोय, खाली उतरत नसतील.

मे महिन्यात सासवडला वंदनाच्या भाचीचा साखरपुडा होता. वंदना म्हणजे आमची ही. बंड्याला घरी ठेवायची सोय नव्हती. काका म्हणाले, मी व्हॅनमधून आणतो की तुमच्या मागोमाग, तिथं सावलीत थांबतो, जाताना परत. मी नको म्हटलं. खरं कारण सांगतो. सासुरवाडीच्या मांडवात आम्ही एका गाडीतून उतरणार आणि आमचा रस्त्यावरचा कुत्रा मागून ड्रायव्हर ठेवलेल्या दुसऱ्या गाडीतून, घंटा वाजवत. माझा साडू वर्षभर पुरवून पुरवून वापरेल. काकांना मी एवढंच म्हटलं, की पट्टा बांधतो, काळजी नको.

बांधला नाही. रेशमी कुर्त्याला केस लागतील म्हणून.

बंड्या मागच्या सीटवर मोकळा, अर्धा खिडकीबाहेर. मी आरशात बघून वंदनाला म्हटलंसुद्धा, "बघ, किती खूश आहे. आणि काका म्हणे काच चार बोटं."

दिवे घाटात पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक लावला. मीही लावला. माझ्याकडे स्टिअरिंग होतं, वंदनाकडे सीटचा पट्टा होता. बंड्या दोन सीटच्या मधून पुढे आला, डॅशबोर्डवर आपटला आणि वंदनाच्या मांडीवरच्या पेढ्यांच्या परातीत पडला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. मी घाबरून गाडी कडेला घेतली आणि त्याला कुठे लागलंय ते बघायला धावत जाऊन दार उघडलं. तो माझ्या बगलेखालून निसटला, लंगडत कठड्यावर चढला आणि डोंगरातल्या झुडपांत नाहीसा झाला.

आम्ही तासभर हाका मारल्या. वंदनाचा भाऊ मागून आला, तिला मुहूर्तासाठी जबरदस्तीनं त्याच्या गाडीत बसवून घेऊन गेला. मी एकटा घाटात. खिशात फोन होता आणि मुलाणीकाकांचा नंबर पाठ होता. दीड वाजेपर्यंत मी तो लावला नाही. एक कुत्रा जखमी होऊन उन्हात हिंडत होता आणि मी विचार करत होतो, की पट्ट्याचं काय सांगायचं.

शेवटी वंदनानंच सासवडहून भाभींना फोन केला. पाऊण तासात व्हॅन आली. काका एकटेच होते, भाभींचा गुडघा धरला होता. त्यांनी कसं झालं, का झालं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तो उतरला तेव्हा गाडीचं चाक कुठं होतं?"

मी दाखवलं. त्यांनी माझी गाडी दोन हात मागे घेऊन बरोबर त्या जागी लावायला लावली. चारी दारं उघडी. मग म्हणाले, "कुर्ता काढा."

"कुर्ता?"

"घामाचा आहे ना? त्याला ओळखीचा वास लागतो. आणि हाका बंद. तुमचा आवाज रागावल्यासारखा येतोय. चुकलेला पॅसेंजर जिथं उतरला तिथंच परत येतो, फक्त स्टॉप जागेवर पाहिजे."

तर तो रेशमी कुर्ता घाटातल्या मातीत अंथरला गेला आणि मी बनियनवर कठड्यावर बसलो. साखरपुड्याहून परतणाऱ्या गाड्या आता घाट उतरायला लागल्या होत्या. सगळी सासुरवाडी माझ्यासमोरून गेली. साडूनं हॉर्न वाजवून हात केला. मीही केला. दुसरं काय करणार?

चार वाजले, पाच वाजले. काका व्हॅनच्या सावलीत वाटीत पाणी भरून ठेवत होते, तापलं की बदलत होते. मला सई दिसत होती. तिला काय सांगणार होतो मी? तुझा होता, माझ्याकडे फक्त ठेवला होता?

शेवटी मी म्हटलं, "काका, पट्टा बांधला नव्हता."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सकाळी गॅलरीतून दिसलं. पट्टा स्कूटरला आणि तुमची गाडी चालू." ते वाटीतलं पाणी तापलेलं नसतानाही बदलत होते. "चपला घालून मी दोन जिने उतरलोही होतो."

"मग थांबवलं का नाहीत?"

त्यांनी वाटी कुर्त्याशेजारी नेऊन ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या त्या कार्यक्रमात सगळी सोसायटी हसली ना. मला त्या दिवशी कळलं, की आपण लोकांना फार छळतो. आता परत कुणाच्या गाडीत तोंड घालायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणून वर गेलो." आणि लगेच, जणू मला बरं वाटावं म्हणून, "चूक माझीच. समोर धोका दिसला की हॉर्न द्यायचा असतो. लोक काय म्हणतील ते बघत बसायचं नसतं."

मी बनियनवर होतो, पण उघडं पडल्यासारखं मला तेव्हा वाटलं. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माझ्या दंडाला हात लावला. झुडपं हलत होती.

बंड्या आला. पोट जमिनीला घासत, लंगडत, शेपूट आत. कुर्त्यापाशी आला, हुंगला आणि त्याच्यावर अंग टाकून दिलं. मी उठणार तर काकांनी डोळ्यांनीच बसवलं. ते स्वतःही हलले नाहीत. तो पाणी पूर्ण प्यायला, मग त्यांनी हळूच त्याच्या अंगात पट्टा सरकवला. त्यांनी तो येताना स्कूटरवरून काढून आणला होता.

वंदना परत आली, तिनं बंड्याला पाहिलं, मग मला, आणि आमची गाडी घेऊन पुढे गेली. सईला फोन तुम्हीच करायचा, एवढं मात्र काचेतून म्हणाली. काका मला म्हणाले, "आज कंडक्टर तुम्ही. मागं बसा त्याच्याजवळ."

बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन मी मॅटवर बसलो. व्हॅन घाट उतरायला लागली आणि पुढून काकांचा आवाज सुरू झाला. हळू, एका लयीत. "आता डावीकडं वळण आहे बरं का. वळलो. समोरनं मोठी गाडी येतीये, आवाज करेल, जाऊ दे तिला. आता जरासा ब्रेक लावतो." प्रत्येक ब्रेकच्या आधी ते सांगत, आणि बंड्याचा उभा कान त्यांच्याकडे वळे.

मी विचारलं, "रोज असं बोलत जाता?"

"बोलतो. आवडतं त्यांना." थोड्या वेळानं म्हणाले, "बसमध्ये माझ्या डोक्यामागं पाटी असायची. चालकाशी बोलू नये. एकतीस वर्षं रोज हजार माणसं पाठीमागं, आणि पाटीचा हुकूम सगळ्यांनी पाळला. यांना वाचता येत नाही."

व्हॅन उतरत होती. फुरसुंगीच्या बाजूला दिवे लागायला लागले होते. मला काहीतरी बोलायचं होतं आणि जे बोलायला हवं होतं ते काही केल्या येत नव्हतं. मी दोन सीटच्या मधून मान पुढे काढली.

"काका, पुढं खड्डा आहे."

"दिसला," ते म्हणाले. मग गाडी जराशी कडेला घेत म्हणाले, "पण सांगत राहा."